उलटीची गोळी

महेंद्रने उलटीची गोळी मागितली तेव्हा खेमराजने त्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. अशा माणसांकडे पाहायचं नाही, हा त्याचा जुना नियम होता. पाहिलं की ती बोलायला लागतात. बालाघाटच्या बसस्टँडमागे मेडिकल टाकल्यापासून गिऱ्हाईक ओळखायला त्याला हात पुरत. काचेवर टेकलेले हे हात त्याला कळत होते. कोपराच्या आतल्या बाजूला सुतळीसारखी काळी पडलेली शीर, मनगटावर जुने डाग, नखं मात्र कापलेली, बोटं धुतलेली. म्हणजे सुधारलेला. सुधारलेल्यांचा त्याला न सुधारलेल्यांपेक्षा जास्त राग येई. न सुधारलेला निदान खालमानेने उभा राहतो. हे लोक 'सर' म्हणतात, हसतात, दोन वर्षं नशेची सुई टोचली नाही म्हणून जगाने आपल्याला हार घालावा अशा थाटात वावरतात. त्याने मागे वळून खोक्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि काचेवर टाकली. हातात द्यायचं नाही, हाही नियमच.

"पूरा दे दो सर," महेंद्र म्हणाला. "रोज लगती है. दीदी वो दवा खाती है कि तुरंत उल्टी. आज तो दिन में भी पानी नहीं रुका पेट में." मग आवाज खाली आणून, घरच्यासारखा, "आपको तो पता ही होगा."

"कौन दीदी?" खेमराजने विचारलं आणि तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. चाळिशीचा, गालफडं बसलेला माणूस, पुढचा एक दात नाही. त्या तोंडावरचं हसू हळूहळू कसं उतरलं ते खेमराजला अगदी स्पष्ट दिसलं.

"ललिता दीदी," महेंद्र म्हणाला. "मैंने समझा आपको..." पट्टी उचलली, नोट काचेवर ठेवली आणि सुटे न घेता उन्हात निघून गेला. खेमराज त्या नोटेकडे पाहत उभा राहिला. ललिता त्याची बायको होती. लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली बायको. सकाळी तिने त्याला डबा भरून दिला होता.

'वो दवा.' नशेखोरांमधल्या तिच्या कामात एकाच औषधाला, एचआयव्हीच्या, लोक नाव न घेता असं म्हणत, हे त्याला बायकोकडून नाही, धंद्यातूनच माहीत होतं. रोग असलेल्याने जन्मभर खायची, आणि रोग असलेल्याची सुई ज्याला टोचली त्याने महिनाभर, तोही घाई करून, लागल्या दिवशीच सुरू करायची. ललिताला रोग असायचं कारण नव्हतं. म्हणजे सुई. एवढा हिशेब त्याच्या डोक्याने आपोआप केला, एखाद्या अडाणी गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचावी तसा, आणि मग तो भीतीची वाट पाहत थांबला. भीती आली नाही. आला तो अपमान. माझ्या बायकोच्या पोटात पाणी राहत नाही हे ह्या तुटक्या दाताच्या माणसाला ठाऊक, आणि मला नाही. ती कुठे ओकते, किती वेळा ओकते, हे बसस्टँडमागच्या नालीतून उचलून आणलेल्या माणसांना ठाऊक, आणि मला नाही. त्याला वाटलं, सगळा रस्ता, चहाच्या टपरीवरचा गडी, समोरचा सायकलवाला, सगळे हे ओळखून आहेत आणि आपल्या काउंटरकडे तोंड दाबून पाहतायत.

शेजाऱ्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगून त्याने अर्धं शटर ओढलं. मग पुन्हा आत जाऊन उगाच पाणी प्यायला. भिंतीवर त्याच्याच अक्षरातली पाटी होती: 'सुई-सिरिंज डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.' ललिता एकदा म्हणाली होती, "थे पाटी काढा ना. नवी सुई नाही भेटली त जुनीच लावतेत एकमेकाची." तो म्हणाला होता, "मंग लावू दे. लवकर खपतीन." ती काही बोलली नव्हती. तिचं हे न बोलणं त्याने नेहमीच आपल्या बाजूचं मत म्हणून धरलं होतं.

ललिता आधी टीबीच्या कामावर होती. गावोगाव हिंडून खोकणाऱ्यांना डब्या वाटायच्या, बेडक्याच्या डब्या गोळा करायच्या, गोळ्या गिळल्या की नाही ते समोर बसून पाहायचं. रचना, त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. मग एक संस्था आली आणि ललिता सुईवाल्यांच्या कामात गेली: जुन्या सुया घ्या, नव्या द्या, तपासणीला न्या, पडलेल्याला उचला. खेमराज त्या कामाला 'नाली' म्हणे. "नालीत चालली का?" "नालीतून आली का?" संस्थेचा भोपाळचा साहेब वर्षातून एकदा येई, हॉटेलच्या हॉलमध्ये शाल देई, 'आप लोग असली योद्धा हैं' असं म्हणत प्रत्येकीच्या हातात संस्थेचं नाव छापलेला कप ठेवी, आणि पनीर खाऊन परत जाई. असे चार कप घरात होते. खेमराज त्यातल्या एकात दाढीचा ब्रश ठेवत असे. साहेबाच्या संस्थेने मग कर्मचाऱ्यांच्या मनाच्या थकव्यावर मोबाइलवरून वर्गही घेतला. पडद्यावरची बाई म्हणाली, डोळे मिटा आणि शांत नदीची कल्पना करा. ललिता भाजी परतत होती. ती म्हणाली, "बाई, भाजी जळून राह्यली," आणि फोन पालथा घातला. दोघं पोट धरून हसले होते. त्या दिवशी आपण दोघं एकाच गोष्टीला हसलो असं त्याला वाटलं होतं. आता स्कूटरची किल्ली शोधताना पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की ती त्या बाईला हसत होती आणि तो ललिताला.

रेल्वेचं फाटक बंद होतं. भरवेलीकडून आलेले मँगनीजचे ट्रक रांगेत उभे होते, ताडपत्रीतून काळी भुकटी गळत होती आणि उन्हात डांबरावर पसरत होती. पुढच्या दुचाकीवरचा माणूस गुटखा थुंकला. खेमराजने पाय बाजूला घेतला. ह्या गावात माणसाने फार तर पाय बाजूला घ्यावा, असं त्याचं मत होतं. बाकी सगळं, पुढारी, डॉक्टर, मास्तर, भिंतीवरचे हसऱ्या रोग्यांचे सरकारी फोटो, त्याने केव्हाच निकालात काढलं होतं. गेल्या महिन्याभरातलं काही आठवतं का, हे तो शोधू लागला. ललिता रचनाच्या खोलीत झोपत होती. रचना नागपूरला नर्सिंगला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती, आणि ललिता म्हणाली होती तिकडे हवा लागते. रात्री ती जेवत नव्हती. पोटात आंबट झालं म्हणाली तेव्हा त्याने ॲसिडिटीच्या गोळ्या आणून पलंगावर टाकल्या होत्या. "त्या घाणीत हात घालतं अन् त्याच हातानं जेवतं, होईनच," असं म्हणालाही होता. तिचं ताट वेगळं निघालं होतं, कडेला खूण असलेलं स्टीलचं; ते तिने स्वतःच वेगळं काढलं असणार, उगाच, स्वतः रोज दुसऱ्यांना एका ताटाने हा रोग लागत नाही असं समजावत असताना. त्याला ते ताट दिसलं होतं. दिसलं होतं म्हणजे नजरेसमोर होतं.

वेगळं ताट त्याने आधी एकदा पाहिलं होतं. त्याचा बाप, महागू, भरवेलीच्या खाणीत होता. संध्याकाळी तो नखं घासत बसे, नखातली काळी रेघ जात नसे. घरात पोरांनी शिकावं, स्वच्छ राहावं, कोणी बोट दाखवू नये, ह्याचा त्याला ध्यास. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी, आणि खाटेवर खोकणारा बाप. टीबी निघाला तेव्हा ताट वेगळं झालं. दर आठवड्याला औषधाला जाताना तो खेमराजला बरोबर नेई. दवाखान्याच्या खिडकीतला कंपाउंडर त्यांना पायरीखाली उभं करी आणि पुडी वरून फेकी. महागू ती दोन्ही हातांनी नेमकी झेले आणि पोराकडे वळून हसे, "झेललं का नाही बे!" जणू खेळच. खेमराजला तो खेळ वाटला नाही. त्याला कंपाउंडरचं तोंड दिसत होतं, नाकपुड्यांपासून वर ओढलेलं, डोळे अर्धे मिटलेले. त्या तोंडाचा राग यायला हवा होता. राग आला बापाचा, त्याच्या त्या हसण्याचा, इतक्या सफाईने झेलण्याचा. मोठं झाल्यावर खिडकीच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, हे त्याने त्या पायरीखाली ठरवलं, आणि तसा तो राहिला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि सगळे एकदम भोंगे वाजवू लागले.

संस्थेचं केंद्र म्हणजे फाटकापलीकडच्या गल्लीतलं भाड्याचं घर. हिरवा ऑइलपेंट, एक कॅरमबोर्ड, पंख्याखाली सतरंजीवर आडवीतिडवी पडलेली माणसं. खेमराज आजवर कधी आत आला नव्हता. पावसापाण्यात ललिताला न्यायला आला तरी कोपऱ्यावरूनच भोंगा देई. दारातच त्याला ललिताचं हसणं ऐकू आलं. अशक्त, मध्येच तुटणारं, पण खरं हसणं. भिंतीशी बाकावर ती आडवी होती, कपाळावर ओला रुमाल, खाली प्लास्टिकची बादली. महेंद्र जमिनीवर बसून सांगत होता की नशेच्या दिवसांत त्याने कटंगीच्या बाजारातून बकरी चोरली, आणि बकरी इतकी चिकटली की विकायला नेली तर गिऱ्हाइकाचा हात सोडवून पुन्हा त्याच्याच मागे आली. "मैंने कहा, माताजी, चोरी का माल हो, थोड़ा तो शरमाओ!" सतरंजीवरचेही दोघे-तिघे हसत होते. खेमराजची सावली आत पडली आणि हसणं थांबलं. वर्गात साहेब आल्यावर थांबतं तसं. आपण आलो की खोली अशी होते, हे त्याला एरवी आवडलं असतं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

ललिताने महेंद्रकडे पाहिलं. महेंद्र खाली पाहू लागला. "सुई लागली," ती म्हणाली.

"कवा?"

"होळीच्या आधी."

"होळीच्या आधी! अन् मले काहून नाही सांगतलं?"

"रचनाले सांगतलं. तिनंच मले लगेच दवाखान्यात धाडलं, महेंद्र संगं होता. त्याच दिवशी गोळी सुरू केली. आता थोड्याच राह्यल्या."

"रचनाले माहीत, ह्याले माहीत, ह्या साऱ्या..." सतरंजीकडे हात करून त्याला शब्द सापडेना; जे शब्द होते ते इतके नेहमीचे होते की ललिताला पाठ असणार. "मी मेला होतो का?"

"तुम्ही जिते होते म्हणूनच नाही सांगतलं," ललिता म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नाही. "कोणाची सुई होती?" त्याने आवाज चढवला. "कोणाची होती मी पुसून राह्यलो. त्याले रोग होता ना? माहीत होता ना त्याले?" महेंद्र म्हणाला, "सर, ये हम नहीं बताते. किसी का नहीं बताते." खेमराजला त्या 'हम'ची शिसारी आली. ह्या लोकांचाही नियम असतो, ह्यांचीही अब्रू असते! तेवढ्यात सतरंजीच्या कडेचा एक किडकिडीत माणूस उठून उभा राहिला. शर्ट उन्हाने विटलेला, डोळे सुजलेले. "मेरी थी," तो म्हणाला. "मेरा नाम टिकाराम है. मैं मर रहा था, सर. मुझे याद भी नहीं है. दीदी ने पलटाया, जेब में सुई थी."

"निळा पडला होता," ललिता म्हणाली. "बसस्टँडच्या मांगं. श्वासच नव्हता. खिसा पाहाले वेळ कोणाले होता?" तिने उजवा तळहात उघडून पाहिला. तिथे काहीच नव्हतं; एवढ्या दिवसांत सुईचं भोक कुठे राहतं? टिकाराम मान खाली घालून उभा होता, मार खायला तयार असल्यासारखा. खेमराज त्याच्याकडे पाहत राहिला. बसस्टँडच्या मागे म्हणजे त्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. हा माणूस कधी काउंटरवर आला होता का? नवी सिरिंज मागून, पाटीकडे बोट दाखवलं गेल्यावर परत फिरला होता का? त्याला आठवेना. आठवायला तोंड पाहिलेलं असावं लागतं. ते सुजलेले डोळे आपल्याला पहिल्यांदा दिसतायत की पाचव्यांदा, हे कळायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हतं, आणि टिकारामला विचारायची त्याची छाती झाली नाही.

म्हणून तो ललितावर गेला. "बस झालं. आजपासून हे बंद. घरी चाल. कुठं त्या भोपाळवाल्यानं इचारलं का तुले? काय धाडलं त्यानं?"

"सूर्य उगोन राह्यला असा फोटो धाडला. 'अपना ध्यान रखिए' लिहून," ललिता म्हणाली, आणि खोलीत पुन्हा थोडं हसू पसरलं. पण तिचे डोळे हसत नव्हते. "घरी येतो. थोडं थांबून. काम सोडत नाही मी."

"ह्यांच्यासाठी? ह्या... ह्यांच्यासाठी?"

तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं. बाकावर आडवी, कपाळावरचा रुमाल घसरलेला, ओठ सुकलेले, आणि ते पाहणं. रागाचं नव्हतं, दुःखाचं नव्हतं. पुरतं ओळखून, मोजून, बाजूला ठेवून दिल्याचं होतं. खेमराजला ते पाहणं आतून ठाऊक होतं. ते करताना गालाचे कोणते स्नायू ओढले जातात हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ते त्याने दुकानातून, स्कूटरवरून, जेवताना ताटावरून जगाकडे टाकलं होतं. ललिताकडून ते कधी आलं नव्हतं. निदान त्याने पाहिलं नव्हतं.

"सुई लागली तवा भेव वाटलं," ती सावकाश म्हणाली. "पण मंग पयले काय आठवलं माहीत हाये? मरण नाही. पोरगी नाही. तुमचं तोंड आठवलं. हे नाक कसं वर जाते ना तुमचं, थे. मनात आलं, गोळी त मी खाईन कशीबी, पण रोज सांजच्याले गोळी खाताना समोर थे तोंड नको."

तिला उमासा आला. महेंद्रचा हात सवयीने बादलीकडे गेला आणि खेमराज उभा असल्याचं लक्षात येऊन अर्ध्यात थांबला. त्या थांबलेल्या हाताचीही खेमराजला चीड आली. पण तो स्वतः जागचा हलला नाही. बादली शेवटी टिकारामने धरली.

तो परत दुकानात गेला. शटर वर केलं. संध्याकाळपर्यंत खोकल्याची औषधं, डायपर, शुगरच्या गोळ्या विकल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल मनात काहीतरी वाईट म्हणत राहिला. ते जमत होतं. पण मध्येच काचेत स्वतःचं तोंड दिसे आणि नाकाकडे लक्ष जाई. मग गिऱ्हाईक काय मागतंय ते दोनदा विचारावं लागे. एका म्हातारीने विचारलं, "बाबू, तबियत ठीक नाही का?" त्याने तिला झिडकारलं.

घरी ललिता रचनाच्या खोलीत होती. रोज ह्या वेळी त्या खोलीतून पुरुषाचा आवाज येई आणि तो मालिका समजून पेपर वाचत बसे. आज तो दारात उभा राहिला. पलंगावर फोन ठेवलेला होता, त्यातून महेंद्र बोलत होता, बकरीच्याच गोष्टीतलं पुढचं. ललिताने गोळी घेतली, डोळे मिटले, आणि बोलणं ऐकत श्वास मोजल्यासारखा घेत राहिली. खेमराजला पाहून तिने फोनला म्हटलं, "ठेव आता. उद्या बोलू." तो खुर्चीवर बसला. ह्या बाईला हसवेल अशी एकही गोष्ट आपल्याकडे नाही, हे त्याला कळलं. ज्या गोष्टी होत्या त्यात कोणीतरी मूर्ख ठरत होतं. थोड्या वेळाने ललिता उठून बसली आणि त्याने पलंगाखालची बादली पुढे धरली. वास आला. त्याला किळस आली, साधी, नेहमीची किळस, आणि ती आली म्हणून त्याने बादली खाली ठेवली नाही. एवढंच झालं. त्याला प्रेमाचा उमाळा वगैरे आला नाही.

"उलटीची गोळी कवा घेतं?" त्याने विचारलं.

"संगंच."

"संगं घेऊन काय उपयोग? अर्ध्या तासाआधी घ्या लागते. पोटात काही टाकून. तुया महेंद्रले येवढंबी माहीत नाही." हे बोलताना त्याला एक क्षुद्र समाधान वाटलं आणि ललिताला ते दिसलं असावं, कारण ती उशीवर मान टाकत म्हणाली, "नाही ना. त्याले बाकीचं माहीत हाये."

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी शटर लवकर ओढू लागला. आधी उलटीची गोळी, मग पोळीचा तुकडा, मग ती मोठी गोळी. उलट्या कमी झाल्या. फोन पलंगावरच असे आणि महेंद्र बोलत असे; खेमराज आला म्हणून ललिताने पुन्हा फोन ठेवला नाही. तो खुर्चीवर बसून त्या माणसाच्या गोष्टी ऐके. त्यातल्या निम्म्या खोट्या होत्या. तपशील एकमेकांशी जुळत नव्हते, आणि खेमराज ते मनात टिपत असे, पण बोलत नसे. पाटी त्याने काढली. कोणाला सांगितलं नाही. रिकामी भिंत ललिताने पाहिली असेल. त्याला ती माणसं आवडू लागली असं मात्र झालं नाही. नवी सिरिंज न्यायला आलेल्याला तो ती द्यायचा आणि त्याच्या जाणाऱ्या पाठीकडे बघून मनात म्हणायचा, मर. पण आता त्या प्रत्येकाचं तोंड तो बघून घेत होता, कारण कोणाला पाहिलं आणि कोणाला नाही, हा घोळ त्याला पुन्हा नको होता. गोळ्या संपल्या. पहिली तपासणी साफ आली. शेवटची तीन महिन्यांनी होती, आणि तोवर ललिता ते खुणेचं ताट सोडायला तयार नव्हती. "मले माहीत हाये काही होत नाही त्यानं," ती म्हणे. "पण राहू द्या."

शेवटच्या तपासणीला तो दुकान बंद करून तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. ह्या लोकांचा काय भरवसा, रिपोर्टात गोंधळ करतील, असं कारण त्याने स्वतःला दिलं. जूनचं ऊन आणि गच्च हवा. ज्या खोलीबाहेर बाक होता, ती खोली कशाची आहे हे पाटी न वाचताही साऱ्या बालाघाटला ठाऊक होतं. बाकासमोरून जाताना माणसं वेग वाढवत आणि मान विरुद्ध भिंतीकडे वळवत. खेमराजनेही आयुष्यभर तेच केलं होतं. आता तो बसला होता आणि समोरून जाणाऱ्या त्या माना मोजण्यात त्याला कडवट मजा वाटत होती. शेजारी टिकाराम येऊन बसला. तो आता गोळ्या नियमाने घेत होता, महिन्याच्या गोळ्या न्यायला आला होता. अंगावर थोडं मांस आलं होतं. "दीदी का आज है ना?" त्याने विचारलं. खेमराजने मान हलवली.

ललिता दारात आली. "काही नाही निघालं," ती म्हणाली. तेवढंच. खेमराज बाकावरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. टिकारामने दोन्ही हातांत तोंड लपवलं. आतून कोणीतरी हाक मारली; एक बाई रडत होती, आजच रिपोर्ट आलेली, आणि आतली ताई ललिताला म्हणत होती, जरा बसता का तिच्यापाशी. "आलीच," म्हणून ललिता परत आत गेली. स्वतःचा कागद अजून तिच्या हातात होता.

तेव्हा बाबूलाल आला. कापडाच्या दुकानाचा मालक, तलावावर सकाळी फिरायला येणारा, खेमराजकडून शुगरच्या गोळ्या नेणारा. तो वेगानेच चालला होता, पण नजर चुकून बाकावर पडली आणि पाय थांबले. खेमराजकडे, दारावरच्या पाटीकडे, टिकारामच्या कोपराकडे, पुन्हा खेमराजकडे. खेमराजला त्याच्या नाकपुड्या वर सरकताना दिसल्या. त्या नाकामागे आता काय काय चाललंय हे तो शब्दनशब्द सांगू शकला असता. हे इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक उद्यापासून गोळ्या कुठून घेईल, हेही.

"रामटेकेजी? आप यहाँ?"

टिकाराम घाईने उठू लागला. "मैं उधर बैठता हूँ, सर," तो पुटपुटला. उत्तर खेमराजच्या जिभेवर तयार होतं. बायको इथे काम करते. खरं होतं, गावाला माहीत होतं, आणि बाबूलालचं नाक जागेवर आलं असतं. किंवा दुसरं, त्याहून ताजं: सगळं साफ निघालं. त्याने टिकारामच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं. ते मनगट गरम आणि खरबरीत होतं.

"हौ," तो बाबूलालला म्हणाला. "रिपोर्ट न्याले आलो."

कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही. बाबूलाल "अच्छा, अच्छा" म्हणाला, दोन पावलं मागे सरला, हात जोडल्यासारखे केले आणि गेला. वळणावर पोचेपर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही, आणि खेमराज शेवटपर्यंत त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. आतून त्या अनोळखी बाईचं रडणं येत होतं आणि त्यातून मधूनमधून ललिताचा आवाज, शब्द न कळणारा. तिला वेळ लागणार होता. मनगट अजून आपल्या हातात आहे हे खेमराजच्या लक्षात आलं. त्याने ते सोडलं, बाकावर जरा सरकला आणि टिकारामला नीट टेकायला जागा करून दिली.